नऊ वर्षं अडलेलं क्रियापद

ख्रिस्ती शास्त्राच्या भाषांतराची गाडी एका ग्रीक क्रियापदापाशी नऊ वर्षं अडली होती. अर्थ सोपा होता: तुटलेल्या दोघांनी पुन्हा एक होणं. दाढीवाले सर म्हणायचे, ‘समेट करणे’. चष्मेवाले म्हणायचे, ‘दिलजमाई करणे’. त्यावरून दोघांनी अबोला धरला. टेबलांत हातभर अंतर, तरी चिठ्ठ्या जायच्या त्या टायपिस्टबाईंच्या हातून. आणि बाई तर उद्या निवृत्त होणार होत्या.

आज बाईंनी पान टाइप करून दोघांपुढे ठेवलं. दोघे एकदम ताडकन उठले.

“‘देवाशी मांडवली करा’?” दाढीवाले किंचाळले.

“बघितलंत? बघितलंत ना तुम्ही?” चष्मेवाले थेट त्यांच्याकडेच वळले.

“बघतोय की! बाईंची अक्कल गेलीय चरायला.”

“माझं तर डोकंच उठलं. चला, आधी चहा घेऊ.”

बाईंचा उद्धार करत दोघे खांद्याला खांदा लावून जिना उतरले.

बाईंनी ते पान टराटरा फाडलं. मग सकाळपासून समोर पडलेला निवृत्तीचा फॉर्म ओढला आणि ‘अपूर्ण राहिलेली कामे’ या रकान्यात लिहिलं: एकही नाही.