एका खोलीचा देश

थाप वाटेल, पण ऑपरेशनला न्यायला रुग्णवाहिका दारात आली, तेव्हा कायद्याच्या निवृत्त प्राध्यापकांनी आतून कडी लावली आणि आपली खोली स्वतंत्र देश असल्याचं जाहीर केलं.

"देशाला चारच गोष्टी लागतात, सूनबाई!" ते धापा टाकत गरजले. "भूभाग आहे, सरकार मीच, परदेशाशी म्हणजे तुझ्याशी बोलणी चालूच आहेत. कायमची लोकसंख्याही आहे. एक!"

मुलाने कपाळाला हात लावला. सून मात्र दाराशी गेली.

"कायमची म्हणता, बाबा? डॉक्टर म्हणतात, आज ऑपरेशन टाळलं तर आठवड्यात तुमचा देश निर्मनुष्य."

आतली कडी हळूच सरकली.



दाराच्या फटीतून एक कागद बाहेर आला: "आमचा एकुलता एक नागरिक जिवंत परत करण्याची हमी दे. इथे सही कर."