ओलं लाकूड

आमच्या ग्रीनलंडात जाळायला झाडं नाहीत. लाकूड येतं ते समुद्रातून वाहत. नाही आलं, तर चुलीत शेण.

माझी बायको हालवेग भर थंडीत गेली. पाद्री उन्हाळ्याशिवाय येत नाही. म्हणून रीतीप्रमाणे तिला पुरलं आणि वर, छातीच्या जागी, एक खांब रोवला. खांब तिनेच किनाऱ्यावरून ओढत आणलेला होता.

"चांगलं लाकूड बाहेर उभं, आणि तू शेणाच्या धुरात खोकत बसलायस," शेजारचा ओर्नोल्फ म्हणायचा. "ती काही उठून मारणार नाही तुला."

"तू ओळखत नव्हतास तिला."

उन्हाळ्यात पाद्री आला. त्याने खांब उपटला, त्या भोकातून तिच्यावर पवित्र पाणी ओतलं आणि भोक बुजवलं. खांब माझ्या हातात देत म्हणाला, "आता हे नुसतं लाकूड. खुशाल जाळ."

"ओलं आहे," मी म्हणालो. घरी नेऊन तिच्या बसायच्या जागी, चुलीपाशी टेकवून ठेवलं.

पुढच्या हिवाळ्यात समुद्राने काहीच दिलं नाही. एकदा वादळात ओर्नोल्फ माझ्याकडे अडकला. शेण संपलं, चूल विझत आली. कुडकुडत त्याने खांबाकडे हात नेला.

"हे अजून ओलंच का रे?"

"ओलंच आहे."

त्याने त्यावरून बोटं फिरवली. लाकूड कोरडंठाक होतं. त्याने माझ्याकडे पाहिलं, हात मागे घेतला आणि पांघरलेलं कातडं घट्ट ओढून घेतलं.

"हो रे," तो म्हणाला. "बरंच ओलं आहे."