गावपळणीचा दिवस

आनंदीचा मुलगा जितेंद्र हल्ली नको तितका गोड वागायला लागला होता. जन्मात कधी आवशीला पाण्याचा तांब्या दिला नाही, आणि आता बांगड्याचे काटे काढून तिला वाढत होता.

"खा गो आये. उद्या कोर्टात बोलायचा आसा तुका."

"बोलाक मी कधी कमी पडलंय रे?"

तिच्या नावावर बाग गहाण टाकून कोणी कर्ज उचललं होतं. कागदावरचा अंगठा तिचा नव्हता. जप्तीची नोटीस बागेच्या दगडी गडग्याला चिकटली, तेव्हा जितेंद्रने तिच्याकडून बँकेच्या निंबाळकर साहेबावर फसवणुकीची फिर्याद ठोकली. आता साहेब हायकोर्टात गेला होता: केस रद्द करा. केस मोडली तर नवऱ्याने लावलेली आंब्याची कलमं बँकेच्या घशात. आनंदीला रात्रंदिवस तेच.

साहेबाचं म्हणणं, जितेंद्रनेच आपल्याला घरी नेलं आणि ओटीवरच्या बाईला आई म्हणून दाखवलं, तिचाच अंगठा आपण घेतला.

त्या भेटीची तारीख ऐकून मात्र आनंदी खदखदून हसली. त्या दिवशी गावपळण! देवाच्या हुकमाने तीन दिवस अख्खा गाव वेशीबाहेर, झोपड्यांत. माणसं, गुरं, कोंबडी, कुत्री, मागे काही ठेवायचं नाही. घाटावरच्या माणसाला हे काय ठाऊक?

"उद्या वकील सांगतलो," जितेंद्र म्हणाला. "तवसर गप रव."

संध्याकाळी साहेबच दारात उभा.

"आजी, नोकरी गेली. आता तुरुंग. तुमची हरकत नसली तर सुटेन मी."

"खोटा बोलान सुटाक बघतास?"

"पोरांची शपथ, आलो होतो मी इथे. एवढा शांत गाव मी जन्मात पाहिला नाही. गाडीचं दार लावलं त्या आवाजाने मीच दचकलो. कोंबडं आरवेना, कुत्रं भुंकेना. बायकोला फोन करून म्हटलं, बदली मागावी तर इथे."

जितेंद्र गालात हसला.

आनंदीने अंगणातल्या कोंबड्यांकडे पाहिलं. मग म्हणाली, "सायबानू, उद्या माझी हरकत नाय."

"आये! आणि बाग?"

"जावंदे." ती त्याच्याकडे वळली. "देवान गाव रिकामो केल्यान, आणि तू घरात दुसरी आवस आणून बसवलंस. आता तुरुंगात भाकरी घेवन तीच येवंदे."