रापणीसारखा परवाना

मुलांनो, जरा डोळे मिटा आणि बघा. तोंडवलीची वाळू, सकाळची वेळ, चाळीस माणसं रापणीचा दोर ओढताहेत. तुम्हीही धरा. जाळं किनाऱ्याला लागलं की दोर धरलेल्या प्रत्येकाला मासळीचा वाटा मिळतो. जाळं घरी नेऊन कोणी दार लावून घेत नाही. दिसलं? आता डोळे उघडा आणि लवू गुरुजींच्या ओसरीवर या. तिथे सुदेश मांडीवर लॅपटॉप घेऊन बसलाय आणि तो उघडायला तयार नाही.

“माझ्याकडेच शिकलास ना रे?” गुरुजी म्हणाले. “मग परवान्याची अट वाच.”

“पाठ आहे, गुरुजी.”

“तर म्हण.”

सुदेशने खाली बघत म्हटली. “हा कोड कोणीही वापरावा, बदलावा, विकावा. पण पुढे देताना तोही असाच सगळ्यांना उघडा ठेवावा. कोणाचं नाव पुसू नये. चुकला तर जबाबदारी कोणाची नाही.”

अट गुरुजींनीच निवडली होती. निवृत्तीनंतर नऊ वर्षं खपून त्यांनी भरतीची वेळ काढणारा कोड लिहिला होता. कोणीही उचलून आपल्या प्रोग्राममध्ये बसवावा असा. त्याला लायब्ररी म्हणतात. प्रत्येक खाडीची भरती वेगळी, म्हणून गावोगावच्या सव्वीस जणांनी आपापल्या खाडीचं कोष्टक पाठवलं होतं. त्यात शिक्षक होते, खलाशी होते, शाळेतली पोरंही होती. सुदेशच्या कंपनीने ती लायब्ररी घेतली, तिचं मोबाइल ॲप काढलं आणि कोडला कुलूप घातलं.

दिवाळीनंतर एका दुपारी गावातला होडीवाला गुलाम त्या ॲपवर वेळ बघून खाडीत शिरला. ॲप म्हणत होतं, पाणी चढतंय. पाणी उतरत होतं. खाडीच्या तोंडाशी होडी वाळूवर बसली आणि लाटेने उलटली. खलाशी पोहत आले. गुलाम आला नाही.

तेव्हापासून आठ महिने गुरुजी कंपनीला पत्रं लिहीत होते. कोड उघडा, चूक कोणी घातली ते दाखवा. गुलामची पोर जोया, आता आठवीतली, प्रत्येक पत्र टाइप करून द्यायची. दुसरं काही करायची नाही. शाळेतून आली की इथे येऊन बसायची आणि विचारायची, “गुरुजी, उत्तर इला?”

“चूक आम्ही दुसऱ्याच दिवशी सुधारली,” सुदेश म्हणाला. “आता सगळ्या होड्यांना बरोबर वेळ दिसते. एवढ्यावर थांबा.”

“मग लपवतोस कोणासाठी?”

सुदेशने लॅपटॉप जवळ ओढला.

“सायबाक वाचयता तो,” दारात उभी असलेली शमीम म्हणाली. ती जोयाची आई. “पगार खाता मां त्येंचो.”

“भाभी, कोड उघडायला साहेब केव्हाच हो म्हणाले होते. अडवून मी धरलंय.”

“कित्याक?”

सुदेशने पाण्याचा तांब्या उचलला आणि हातातच धरून ठेवला.

“उद्या वकिलाची नोटीस जाईल,” गुरुजी म्हणाले. “आज माझ्या ओसरीवर उघड, नाहीतर कोर्टात उघडशील.”

“पोरीला आत पाठवा.”

“ती का जाईल? बाप तिचा गेला.”

“मी खंयच जावचंय नाय,” जोया म्हणाली.

सुदेशने लॅपटॉप उघडला, गुरुजींच्या पुढ्यात ठेवला, आणि पायऱ्या उतरून अंगणात पाठमोरा उभा राहिला.

पडद्यावर जुना आकडा तांबड्यात होता, नवा हिरव्यात. खाली सुदेशने टीप लिहिली होती. गुरुजी चष्मा सारखा करून मोठ्याने वाचू लागले.

“या खाडीचं कोष्टक चाँद दिसल्यापासून दिवस मोजतं. लायब्ररी पंचांगाची तिथी धरते, ती एक दिवस आधी सुरू होते. भरती रोज अठ्ठेचाळीस मिनिटं पुढे सरकते, त्यामुळे इथली भरती तेवढीच उशिरा दाखवली जात होती. आम्ही काही बदललेलं नव्हतं. कोष्टक आलंच होतं असं.”

गुरुजी थांबले. पुढच्या ओळीवर त्यांनी पंजा ठेवला.

“कोणी पाठवल्यानी?” शमीमने विचारलं. “नाव वाचा.”

“चूक माझी,” गुरुजी म्हणाले. “तपासलं मी होतं. दुसऱ्या कोणाची नाही, माझीच.”

शमीम दारातून पुढे आली. “आठ म्हयने,” ती म्हणाली. “आठ म्हयने मी तुमच्या दारात येतंय, गुरुजी.”

गुरुजींनी मान खाली घातली. पंजा तसाच ठेवला.

तेव्हा जोयाने तो पंजा दोन्ही हातांनी उचलून बाजूला केला, लॅपटॉप आईकडे फिरवला आणि वर्गात धडा वाचावा तशी ती ओळ वाचली, “कोष्टक पाठवणारी, जोया गुलाम, इयत्ता सहावी. अब्बांना विचारून भरलं.”