उरलेली चिठ्ठी

प्राचीन ग्रीसच्या नकाशावर पट्टी टेकवून मी सांगत होते, "डोंगर फार, शेतजमीन थोडी. त्यात या थेरा बेटावर पाऊसच पडेना. मग ज्या घरात दोन भाऊ, तिथे चिठ्ठ्या टाकल्या आणि ज्याची निघाली त्याला समुद्रापार नवी वस्ती करायला धाडलं, असं सांगतात."

तिसऱ्या बाकावरची एक मुलगी तास सुरू झाल्यापासून चुळबुळ करत होती. कंपासपेटी उघडायची, मिटायची, पुन्हा उघडायची. हात वर न करताच ती उठली.

"बाई, तिथे करमलं नाही म्हणून परत आला तर?"

"आले होते म्हणे. घरच्यांनी किनाऱ्याला लागूच दिलं नाही."

वर्ग खदखदून हसला. ती काही बसेना.

"आणि घरात बहीण-भाऊ असले तर? बहिणीची चिठ्ठी टाकायचे?"

"नाही गं, फक्त भावांची. बस बघू आता खाली."

"आमच्याकडे काल दोघांची टाकली, बाई. मावशीकडे कायमचं राहायला कुणी जायचं, त्यासाठी. बाबांनी उचलली, माझी निघाली."

तिनं कंपासपेटीतून एक चुरगळलेला कागद काढून माझ्या टेबलावर ठेवला.

"ही उरलेली. सकाळी केर काढताना सापडली."

मी घडी उलगडली. आत पुन्हा तिचंच नाव होतं.

"बघितलंत?" ती म्हणाली. "आमच्याकडे फक्त बहिणीची टाकतात."