दाईच्या झग्याची चेन

दाईनं वरच्या फळीवरचं भांडं काढायला हात उंचावला आणि इकडे घरात शिवणकामाच्या मास्तरणीला चहाचा ठसका लागला. टीव्हीवर, तीनशे वर्षांपूर्वीच्या राजवाड्यात, दाईच्या झग्याच्या कुशीला चेन चमकत होती. चांगली वीतभर लांब, पितळी दातांची.

ती चेन मास्तरणीनंच लावली होती.

"आई, ते काय होतं गं?" लेकीनं विचारलं.

"कुठं काय? उजेड पडला असेल."

लेकीनं भाग मागे नेला, चित्र थांबवलं आणि आईकडे पाहिलं. शिवणकाम करणाऱ्या बाईच्या लेकीला उजेड कुठला आणि चेन कुठली ते कळतं.

एक डॉक्टरीण लिफ्टमधून तीनशे वर्षं मागे जाते, अशी ती मालिका. नवा भाग लागला की रस्ते ओस पडायचे. त्यातले जुन्या काळाचे सगळे कपडे मास्तरणीच्या देखरेखीखाली शिवले जात. शिवणाच्या खोलीत तिनं स्वतःच्या अक्षरात पाटी लावली होती : 'जुन्या काळात चेन नाही, इलॅस्टिक नाही, नायलॉन नाही.' इलॅस्टिकच्या एका पट्टीपायी तिनं एका कारागिराला तीन झगे उसवायला लावले होते. तो अजून तिच्याशी धड बोलत नव्हता.

आणि आता हे.

दाईचं काम करणाऱ्या म्हाताऱ्या नटीला सगळे मावशी म्हणत. मावशीचा उजवा खांदा धरला होता. पाठीवरचे बंद बांधायला हात मागे जायचा नाही आणि मदतीला कुणाला हाक मारावी तर बोभाटा. "नटीचा खांदा गेला म्हटलं की तिचं कामही गेलं समज," मावशी म्हणाली होती. मग मास्तरणीनं दार लावून घेतलं आणि झग्याच्या उजव्या कुशीला चेन बसवली. डाव्या हातानं ओढता येईल अशी. वरून कापडाच्या पट्टीनं झाकली. हात खाली असेपर्यंत ती कुणाच्या बापाला दिसली नसती.

आता मास्तरणीपुढे दोनच वाटा होत्या. चूक झाली म्हणावं, तर एकवीस वर्षांची नोकरी पाण्यात. खरं कारण सांगावं, तर मावशी घरी.

"आई, लोकांना दिसलीय चेन," लेक फोनमध्ये डोकं घालून म्हणाली.

"शिव्या घालतायत?"

"ऐक तरी. 'तीनशे वर्षांपूर्वी चेन? चार वेळा मागे नेऊन पाहिलं. म्हणजे दाईसुद्धा आपल्याच काळातून आलीय! अंगावर काटा आला.' आणि हे बघ. 'म्हणूनच ती पहिल्या भागात बाळाला घेण्याआधी हात धुते. काय ही बारकाई! लेखकाला दंडवत.'"

"हात धुतले ते डिंक लागला होता म्हणून," मास्तरीण पुटपुटली.

सकाळी कामावर निघाली तर जिन्यात खालच्या मजल्यावरचे गणिताचे निवृत्त सर वाट अडवून उभे. हातात आखीव कागद. दाई कोणत्या वर्षातून, कोणत्या लिफ्टनं आली असेल, याची त्यांनी आकृतीच काढली होती. "ही चेन ज्याच्या डोक्यातून निघाली ना, त्याला माझा नमस्कार सांगा हो!" ते म्हणाले. डोळे लहान मुलासारखे लकाकत होते. मास्तरीण "सांगते" म्हणाली आणि खाली मान घालून सटकली.

दिग्दर्शकानं तिला आल्या आल्या बोलावलं.

"चेन कुणी लावली?"

"मी."

"का?"

"चुकून लागली, साहेब. लक्ष नव्हतं माझं."

"चुकून? तुमच्या हातून?" त्यानं तिच्याकडे नीट निरखून पाहिलं. मग एकदम हसत सुटला. "बरं झालं चुकलात! लोकांनी लेखकाला नुसतं डोक्यावर घेतलंय. तोही बिचारा कालपासून 'मला आधीच सुचलं होतं' म्हणत फिरतोय. मास्तरीणबाई, हे चुकून झालं असं बाहेर कुठं बोलायचं नाही. दाईचं पुढचं सगळं नव्यानं लिहायला घेतलंय. आता ती शेवटच्या भागापर्यंत राहणार. आणि तिच्या प्रत्येक झग्याला चेन लावायची, काय?"

मास्तरीण तिथून तडक निघाली. मावशी शिवणाच्या खोलीत खांद्यावर गरम पाण्याची पिशवी धरून बसली होती. मास्तरणीनं एका दमात सगळं सांगितलं. मावशी नुसती मान हलवत राहिली. तिला नवल कसं ते वाटलंच नाही.

मास्तरणीच्या डोक्यात तेव्हा कुठं लख्ख झालं.

"मावशी, तुमचा हात खांद्याच्या वर जातच नाही की."

"नाही जात."

"मग ते भांडं?"

"भांडं खाली चुलीपाशीच होतं गं. मीच म्हटलं, फळीवर ठेवा, बरं दिसेल. दोनदा हात अर्ध्यातच राहिला. तिसऱ्या वेळी डोळ्यांपुढे काजवे चमकले, पण गेला एकदाचा वर."

मास्तरीण स्टूल ओढून तिच्यासमोर बसली. राग यायला हवा होता, आलाही. पण ह्या बाईच्या पाया पडावं की हिच्या पाठीत एक धपाटा घालावा, तेच तिला ठरवता येईना.

"आणि माझी नोकरी गेली असती म्हणजे?"

"जाऊ दिली असती होय मी? सरळ सांगितलं असतं, मास्तरणीच्या नकळत मी बाहेरून बसवून घेतली म्हणून." मावशीनं पिशवी दुसऱ्या बाजूला वळवली. "माझं काय जाणार होतं? पुढच्या भागात मी तशीही तापानं मरणारच होते."