कॅप्टन थॉर्नची कोल्हीण

“सामान बांधून झालं होतं माझं,” विनिफ्रेड म्हणाली. “होव्हला, बहिणीकडे. तू दवाखान्यातून यायच्या आत निघणार होते.”

एडगरच्या हातातला चहा हातातच राहिला.

“मग गुरुवारचा अंक आला. कोल्हिणीची गोष्ट वाचली आणि पेटी पुन्हा उपसली.”

तिने साप्ताहिक पुढे केलं. मुखपृष्ठावर कोल्हीण. खाली नाव : कॅप्टन थॉर्न.

त्याने वाचलं. मागे शिकारी कुत्रे. तिचा नर लंगडा. ओढा ओलांडला असता तर कोल्हीण सुटली असती. ती मागे फिरली. त्याच्याशेजारी जाऊन पडून राहिली.

बस, एवढंच.

अकरा आठवडे न्यूमोनिया. एडगरने पेन हातात धरलं नव्हतं. थॉर्न हे नाव साप्ताहिकाच्या मालकीचं. जो लिहील तो थॉर्न. तो आजारी पडला, त्यांनी दुसरा बसवला. लग्नाआधी त्याने तिला ऐटीत सांगितलं होतं, थॉर्न म्हणजे मी. बाकीचं सांगायचं राहिलं, ते एकोणीस वर्षं राहिलं.

“इतकी वर्षं तुझे कोल्हे वाचतेय,” विनिफ्रेड म्हणाली. “नुसते पंजे आणि दात. कोल्ह्याच्या पोटात काय गेलं ते तुला ठाऊक. मी जेवले का, हे कधी विचारलं नाहीस. म्हटलं, या माणसाच्या आत काही आहे की नाही?” तिने मुखपृष्ठावरच्या कोल्हिणीवर बोट ठेवलं. “तापात हे कुठून सुचलं रे तुला?”

दारापाशी रिकामी पेटी उघडीच पडली होती.

“पडल्या पडल्या सुचलं,” तो म्हणाला.

तिने त्याच्या केसांतून हात फिरवला. “असंच लिही आता.”

तो टाइपरायटरपाशी बसला.

‘कोल्हिणीने दात विचकले.’ खोडलं.

‘दातांत ससा धरून कोल्हीण’. खोडलं.

‘कोल्हिणीचे दात’.

“जमतंय का?” स्वयंपाकघरातून विनिफ्रेडने विचारलं.

“जमतंय.”

त्याने नवा कागद चढवला.

‘संपादक महाशय, माझी प्रकृती आता लिहिण्याजोगी राहिलेली नाही. थॉर्न यापुढे त्या नव्या गृहस्थांनाच लिहू द्यावा. मला त्यांची मुद्रितं तपासायचं काम द्या, आणि ती बुधवारी माझ्या हातात पडतील असं पाहा. गुरुवारी अंक घरी येतो. त्याआधी गोष्ट मला माहीत असायला हवी.’